भिंतीवरची हौसामावशी

आमच्या घरात पहाट व्हायची ती बबनकाकाच्या हातून. कोंबडा अजून नीट आरवलेलाही नसायचा, तोवर तो पडवीत येऊन पातेल्यातल्या भिजल्या हरभऱ्यावरचं पाणी मोरीत ओतायचा, हरभरा फडक्यात बांधायचा, गुळाचा खडा खिशात टाकायचा आणि बूट पायात चढवून दोनदा जमिनीवर आपटायचा. त्या आपटण्याने आम्ही सगळेच जागे व्हायचो, पण उठायचा एकटा विलास, माझा धाकटा भाऊ. मग दोघं उसाच्या कडेच्या वाटेने धरणाकडे जायचे. थोड्या वेळाने शिट्टी ऐकू यायची आणि शिट्टीमागून धरणाच्या मातीच्या भिंतीवर पळणाऱ्या पोरांच्या पावलांचा आवाज. येडगावच्या पाण्यावरून तो आवाज फार लांबवर यायचा. चूल पेटवता पेटवता आई म्हणायची, "पळत्यात." एवढंच. पण तो एक शब्द ती ज्या सुरात म्हणायची, त्यात तिचं सगळं मत येऊन जायचं.

आता मी पुण्यात राहते. सकाळी आमच्या इमारतीखालून बूट घातलेली माणसं पळत जातात, वजन कमी करायला, साखर उतरवायला. त्यांच्या पावलांनी मला अजून जाग येते आणि क्षणभर कळत नाही आपण कुठे आहोत. मग पाण्याचा वास येत नाही म्हणून कळतं. गावी गेलं की लोक माझ्या काकाबद्दल अजूनही दोन तऱ्हांनी बोलतात. कुणी म्हणतं, फौजीने पोरांची आयुष्यं मार्गी लावली. कुणी नुसतं "फौजी" म्हणतं आणि गप्प बसतं. काका आता नाही. तेव्हा जे मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

बबनकाका पलटणीतून सुटून आला तेव्हा त्याचा एक कान गेलेला होता. तो श्रीलंकेत गेला होता. तिथे नेमकं काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि गावानेही कधी विचारलं नाही, कारण ती लढाई कुणाचीच नव्हती. तो ज्या दिवशी आला त्या दिवशी वाण्याच्या दुकानासमोर एसटीतून उतरला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन चालत घरी आला. हार नाही, नारळ नाही. काकूने पायावर पाणी घातलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेवढंच स्वागत. काकूला मूल नव्हतं. लग्न झाल्यावर वर्षाकाठी जेमतेम सुट्टीपुरता नवरा तिने पाहिला होता, त्यामुळे तो कायमचा घरी आल्यावर सुरुवातीला ती त्याच्यापुढे डोक्यावरचा पदरही नीट ठेवून वागायची, पाहुण्यापुढे वागावं तशी. काकाला मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. वर्षभरात त्याने भरतीला जाणारी पोरं गोळा केली. पैसा घेतला नाही. आसपासच्या वाड्यांतून, पार पिंपळवंडीहूनही पोरं सायकलींवर यायची. त्यांतली दरवर्षी काही भरतीत लागायची, पेढे यायचे, आणि त्या दिवशी काका दोन्ही कानांनी ऐकू येत असल्यासारखा हसायचा.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे पटत नसे. दोघा भावांत भांडण कधी झालं नाही, पण जेवताना हमखास विषय निघायचा. हुलग्याच्या शेंगोळ्याची वाफ चढलेली असायची, काकू वाढत असायची आणि आप्पा ताटाकडे बघत बोलायचे. ते म्हणायचे की ज्यांची बागायती शाबूत राहिली त्यांची पोरं पुण्याला कॉलेजात गेली, आणि ज्यांचं रान धरणाच्या पाण्याखाली गेलं त्यांची पोरं बबन भिंतीवर पळवतोय. पाण्याने जमिनी नेल्या, आता राहिलेलं हा नेऊन देतोय. काका शांतपणे भाकरी मोडायचा. त्याचं म्हणणं असं की पलटणीने त्याला चालायला, बोलायला, दुसऱ्याच्या नजरेला नजर द्यायला शिकवलं. घरी राहिला असता तर साखर कारखान्याच्या हंगामात पारगावला उसाच्या मोळ्या टाकत बसला असता. मला त्या वयात काकाचंच खरं वाटायचं. विलासला तर वाटायचंच. आई काही बोलायची नाही. काकूला कुणी मत विचारलंच नव्हतं.

गोरख या पोरांतला सगळ्यात मागे पळणारा. अंगाने भरलेला, जड पावलांचा, हसरा. त्याचं घर आमच्या रानाच्या पलीकडे, कालव्याच्या वर. त्याचा बाप किसन कारखान्यात हंगामी कामाला होता आणि आई हौसामावशी जे हाती येईल ते करायची, कुणाचं कांदा खुरपणं, कुणाची टोमॅटो तोडणी. एकुलता एक मुलगा. पळून झालं की गोरख विलासबरोबर आमच्याकडे यायचा, मोरीवर पाय धुवायचा आणि काही न बोलता चुलीपाशी बसायचा. आई त्याच्यापुढे भाकरी आणि लसणीचं तिखट ठेवायची. तो खाता खाता आईच्या हातून लाकडं घेऊन चुलीत नीट सारायचा. भरतीच्या धावेत तो एकदा नापास झाला, दुसऱ्यांदाही झाला. मग त्याने येणंच सोडलं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उचलायचं काम धरलं आणि ते त्याला आवडतही होतं. बाजारात भेटला की मला म्हणायचा, "ताई, हितं मागं कुनी शिट्टी वाजवत न्हाई."

काकाला ते सहन झालं नाही. हातचं पोरगं हरून गेलं असं त्याला वाटलं असावं. एका पहाटे तो स्वतः कालव्यावर गेला आणि गोरखला घरातून घेऊन आला. त्यानंतर महिनोन् महिने त्याने गोरखला बाकीच्यांच्या आधी बोलावून वेगळं पळवलं. पाठीवर वाळूची पिशवी बांधून पळवलं. विलास सांगायचा की गोरख भिंतीच्या टोकाला जाऊन ओकायचा आणि परत पळायचा. तिसऱ्या वेळी तो पास झाला. त्या दिवशी हौसामावशीने मासवडी केली. सारणातलं खोबरं आणि तीळ तिने कुठून आणले देव जाणे. पातेलंभर रस्सा आणि ताटभर वड्या ती डोक्यावरून आमच्या घरी घेऊन आली आणि पहिली वडी तिने काकाच्या ताटात वाढली. काका म्हणाला, वैनी, पोरगं तुमचंय, आधी त्याला. ती म्हणाली, तुमी केला त्याला. मला ते वाक्य तेव्हा फार गोड वाटलं होतं.

गोरख दोनदा सुट्टीवर आला. दुसऱ्या सुट्टीत त्याचा आवाज जरा जाड झाला होता आणि तो हिंदी शब्द मध्येमध्ये टाकायचा. परत गेला आणि त्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली.

त्या दिवसांत सगळा गाव सेनापती झाला होता. नारायणगावात सलूनच्या खुर्चीवर, रसवंतीच्या बाकड्यावर, जिथे जावं तिथे माणसं बोटाने हवेत डोंगर काढून दाखवायची. एकदाच सोक्षमोक्ष लावा म्हणणारे होते, सीमा ओलांडून आत घुसा म्हणणारे होते. गावच्या हायस्कुलातल्या एका सरांनी वर्गात विचारलं की युद्ध हवं कुणाला, आणि सगळ्यांनी हात वर केले. आप्पा रसवंतीवर कुणाला तरी म्हणाले होते की तुझा पोरगा बारावीला आहे ना, त्याला पाठव, मग बोल. त्यावरून बाचाबाची झाली आणि पुढे कित्येक दिवस तो माणूस आप्पांना रामराम घालत नव्हता. घरी आल्यावर आप्पांनी ते सांगितलं तेव्हा काका म्हणाला, "दादा, बोलणारा बोलतो. जो तिथं असतो त्याला बोलाया सवड नसती." बस्स. तोही त्या दिवसांत कमी बोलत होता.

हौसामावशीकडे टीव्ही नव्हता. ती संध्याकाळी बातम्यांच्या आधी आमच्या दारात येऊन बसायची. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत यायची नाही, अंगावर रानातली माती आहे म्हणायची. तिला हिंदी कळायचं नाही. पडद्यावर दरवेळी जवान दिसायचे, चढणीवर, गाडीत, तोफेपाशी, आणि ती पुढे झुकून एकेकाचं तोंड बघायची. बातमी काय आहे याच्याशी तिला घेणं नव्हतं. जवान दिसेनासे होऊन खुर्चीत बसलेली माणसं बोलायला लागली की ती उठायची आणि जायची. विलास तिला सोबत कालव्यापर्यंत जायचा, कारण तेव्हा नुकतंच आमच्याकडच्या उसात बिबटे दिसायला लागले होते आणि अंधार पडल्यावर बायका एकट्या फिरत नव्हत्या.

बातमी आली ती दुपारची. गावातली चार शहाणी माणसं आमच्या ओट्यावर आली आणि काकाला म्हणाली, बबनराव, तुम्ही फौजी आहात, तुम्हीच सांगा. किसन कुणाच्या तरी रानात कामावर होता, त्याला आणायला कुणी गेलं होतं. काका टोपी हातात घेऊन कालव्यावर गेला. पुढचं त्याने नंतर काकूला सांगितलं, आणि तेव्हा मीही तिथे होते. हौसामावशी अंगणात कांद्याच्या पाती कापत होती. काकाला येताना बघून ती उठली आणि तो तोंड उघडायच्या आत म्हणाली, बसा भाऊ, च्या ठेवते. त्याने बोलायचा प्रयत्न केला तर तिने हाताने थांबवलं. चूल पेटवली, पाणी ठेवलं, साखर घातली, शेजारून दूध आणायला गेली आणि आली. कप त्याच्या हातात दिला. समोर उभी राहून त्याला म्हणाली, आदी प्या. काकाने तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि मग सांगितलं. काकूला हे सांगताना तो सारखा एवढंच म्हणत होता, "मी प्यालो गं. मी तो च्या प्यालो."

गोरख आला तो पावसात. रस्त्याच्या दोन्ही कडांना शाळेची पोरं उभी केली होती. एवढी माणसं मी आमच्या भागात कधी पाहिली नव्हती. घोषणा एवढ्या मोठ्या होत होत्या की गाडीचं इंजिन बंद झालं तरी कुणाला कळलं नाही. त्याच्यासोबत आलेल्या जवानांनी पेटी उतरवली आणि गाडी थांबली त्या मैदानापासून पाण्यापर्यंतच्या चिखलाच्या वाटेत गावकऱ्यांनी आळीपाळीने खांदा दिला. काका पुढच्या उजव्या बाजूला होता. हौसामावशी पेटीपाशी आली आणि म्हणाली, एकदा तोंड दाखवा. सोबत आलेला अधिकारी कोवळा होता, विलासपेक्षा फार मोठा नसेल. तो हिंदीत हळू आवाजात काही बोलला आणि काकाने ते तिला मराठीत सांगितलं, की पेटी उघडता येत नाही. ती काकाकडे बघत राहिली. किसनने तिला दंडाला धरून मागे घेतलं. पाण्याच्या कडेला पेटीसकट अग्नी दिला. बंदुकांचे बार झाले तेव्हा पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले, आणि लोक घोषणा थांबवून क्षणभर त्या बगळ्यांकडे बघत राहिले, हे मला अजून जसंच्या तसं आठवतं.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. हौसामावशीला नवी साडी नेसवून खुर्चीवर बसवलं होतं. भाषणं झाली. शेवटी किसनला बोलायला लावलं. तो बिचारा कधी चार माणसांत बोललेला नव्हता. हातात माईक आल्यावर त्याने घसा साफ केला आणि म्हणाला की मला आणखी एक मुलगा असता तर त्यालाही मी देशासाठी पाठवला असता. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईने डोळे पुसले, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. किसनला वाईट म्हणायची माझी आजही छाती नाही. त्याच्यापाशी दुःख धरायला तेवढं एकच वाक्य होतं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याने ते धरून ठेवलं. पण मी हौसामावशीकडे बघत होते. ती त्याच्याकडे अशी बघत होती जणू हा माणूस कोण आहे हे तिला आठवत नाहीये.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती भिंतीवर यायला लागली. पहाटे पोरं पळायला जमली की ती भिंतीच्या उतारावरच्या दगडांवर बसलेली दिसायची, गुडघे पोटाशी, डोक्यावरून पदर. कालव्यावरून तिथवर यायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊस. बिबट्याच्या भीतीने गडीमाणसंही हातात काठी नि कंदील घेऊन निघायची, आणि ही बाई रिकाम्या हाताने, एकटी. ती बोलायची नाही, रडायची नाही. पोरं या टोकाकडून त्या टोकाकडे पळायची आणि तिची मान त्यांच्याबरोबर फिरायची. विलास म्हणायचा, तिच्यासमोरून जाताना पाय जड होतात. पहिल्यांदा पिंपळवंडीची पोरं यायची थांबली. मग आमच्याकडचीही एकेक करून कमी झाली. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाची परीक्षा होती.

गावात कुजबुज सुरू झाली. ज्या बाईला व्यासपीठावर बसवलं तिला उघडपणे काही बोलायची सोय नव्हती, म्हणून लोक काकाला येऊन सांगायचे की तिला समजवा, पोरांच्या मनात धास्ती बसते, अपशकुन होतो. सगळ्यात जास्त धास्तावली होती माझी आई. गोरखला ज्या हातांनी तिने भाकरी दिली होती त्याच हातांनी तिने विलासच्या पायात काळा दोरा बांधला. ती मला म्हणाली, तिची नजर वाईट न्हाई, पण रिकामी हाय. रिकाम्या नजरेत काय बी जातं. काकाला तिने स्पष्टच सांगितलं की तिला यायचं बंद करायला सांगा, नाहीतर माझा पोरगा येणार नाही. काका ऐकून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी बूट आपटून निघायचा.

थंडी वाढली तेव्हा काकूच्या मनात आलं की त्या बाईला निदान चहा तरी न्यावा. काकू एकटी जायला बिचकत होती म्हणून मी सोबत गेले. फटफटत होतं. पाण्यावरून धुकं वर येत होतं आणि भिंतीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. पळायला तीनचारच पोरं होती, विलास त्यांत. ती धुक्यात शिरली की दिसेनाशी व्हायची, नुसती पावलं ऐकू यायची, आणि परत बाहेर यायची. आम्ही पोचलो तेव्हा काका शिट्टी गळ्यात अडकवून हौसामावशीच्या शेजारी बसलेला होता, दगडांवर, हातभर अंतर सोडून. चांगला कान तिच्या बाजूला होता. काकूने मला हाताने थांबवलं. आम्ही त्यांच्यामागे वरच्या अंगाला होतो, त्यांना दिसत नव्हतो.

"भाऊ," हौसामावशी म्हणाली, "पेटीला तुमचा खांदा व्हता."

"व्हता."

"जड व्हती का?"

पोरं जवळून पळत गेली. त्यांचे श्वास ऐकू आले.

"लई जड व्हती, वैनी," तो म्हणाला. "चिखलात पाय रुतत व्हते."

तिने मान हलवली. "आंगानं भरलेलाच व्हता त्यो," ती म्हणाली. तिचा आवाज समाधानाचा होता, आणि तो समाधानाचा होता म्हणून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग काकाने, तिने न विचारता, बोलायला सुरुवात केली. म्हणाला की गोरखनं सोडून दिलं होतं. तो बाजारात खूश होता. मी त्याला पहाटे घरून उठवून आणला. मी आलो नसतो तर तो आज क्रेट उचलत असता. हे त्याने सरळ समोर पाण्याकडे बघत सांगितलं, पलटणीत साहेबापुढे चूक कबूल करावी तसं, हात गुडघ्यांवर ठेवून.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "दार मीच उघडलं व्हतं. त्यो झोपला व्हता. मीच हालवून उठीवला."

काकूच्या हातातल्या किटलीचं झाकण वाजत होतं, ते तिने बोटाने दाबून धरलं.

शेवटी काकाने विचारलं की वैनी, तुम्ही रोज इथे येता ते माझ्यासाठी येता का. ती नाही म्हणाली. "ह्यांनी स्टेजवर सांगितलं, आनखी एक असता तर त्यो बी दिला असता. मला नसलेलं पोरगं बी देऊन टाकलं, भाऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हनून मी येती. आता कुनाकुनाची चालल्यात ती कुनीतरी बघून ठेवाया पायजे."

आम्ही खाली उतरून तिला चहा दिला. तिने दोन्ही हातांत पेला धरला आणि थंडीबद्दल काहीतरी बोलली. परत येताना काका पुढे चालत होता, काकू त्याच्या मागे, मी सगळ्यात मागे. उसाच्या वाटेवर तो एकाएकी थांबला. मागे न बघता, काकूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "हलकी व्हती. एकट्यानं उचलली असती." आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर, उघड्यावर, काकूने त्याचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी बूट वाजले नाहीत. हरभरा पातेल्यात तसाच राहिला, दुपारी आईने त्याची उसळ केली. काकाने पुन्हा कधी शिट्टी वाजवली नाही. विलास मात्र एकटा उठून गेला. त्यावरून घरात पहिल्यांदा खरं भांडण झालं. आणि उलटंच झालं. इतकी वर्षं पोरं पाठवणारा काका आता म्हणत होता की विलासने जायचं नाही, आणि आप्पा गप्प होते. विलास कधी मोठ्यांसमोर बोलत नसे, पण त्या दिवशी तो म्हणाला, "गोरख माझ्या पुढं पळत न्हवता, काका. मागं पळत व्हता. त्यो गेला आन् मी घरी बसू?" काका म्हणाला, हो, बस. आप्पा म्हणाले, तो ऐकणार नाही. दोघं भाऊ एकमेकांशी असे बोलत होते की जणू पोराचा निकाल त्यांच्याच हातात आहे.

तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा आवाज मी एवढा कोरडा कधी ऐकला नव्हता. ती काकाला म्हणाली, "तुमी गेलात तवा मला कुनी इचारलं न्हाई. तुमी आलात तवा बी न्हाई. आता तरी ज्याचं जानार हाय त्याला इचारा. अक्काला इचारा."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "जाऊ द्या त्याला. धरून ठिवला तर जल्मभर माझ्याकडं बघत ऱ्हाईल." मग पदर तोंडाला लावून ती परसात गेली आणि बराच वेळ आली नाही. भाकरी करपली.

विलास पहिल्याच खेपेला लागला. तो निघाला त्या दिवशी आप्पा त्याला पुण्यापर्यंत सोडायला गेले. काका एसटीपर्यंत आला, त्याने विलासच्या पाठीवरची बॅग सरळ केली आणि पट्टा आवळला. भिंत रिकामी झाली. आता तिथे पळणारं कुणी उरलं नव्हतं. आम्हाला वाटलं हौसामावशीचं येणंही थांबेल. थांबलं नाही.

विलास गेल्यावर महिनाभराने असेल, मला पहाटे जाग आली तर आई अंथरुणात नव्हती. चुलीपाशी नव्हती, गोठ्यात नव्हती. मी घाबरून उसाच्या वाटेने धावले. भिंतीवर दोघी बसलेल्या होत्या, आई आणि हौसामावशी, पाण्याकडे तोंड करून. त्यांच्यासमोर काही नव्हतं, धुकं आणि पाणी. मी लांबूनच परत फिरले. त्या दिवसापासून आई रोज जायला लागली. माझं लग्न होऊन मी सासरी गेले, माहेरपणाला आले की पहाटे तिचं अंथरूण रिकामं असायचं. मी एकदा विचारलं, तुम्ही दोघी काय बोलता गं. आई म्हणाली, काही नाही. ती इचारत न्हाई, मी सांगत न्हाई. विलासची बदली कुठेही होवो, लडाख असो की मणिपूर, टीव्हीवर काही आलं की आई ती बातमी बघत नसे. ती सकाळची वाट बघायची.

या सगळ्या वर्षांत काका गेला. शेवटी त्याला दुसऱ्या कानानेही कमी ऐकू यायला लागलं होतं आणि मला वाटतं त्याला त्याचा आराम वाटत होता.

विलास नोकरी पुरी करून धडधाकट घरी आला. आता चाकणला एका कंपनीत सुरक्षेच्या कामावर आहे, दोन मुली आहेत. तो आला तेव्हा हारतुरे झाले, गाडीतून मिरवणूक निघाली, कुणीतरी फटाके वाजवले. मीही गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मला सवयीने जाग आली आणि मी आईचं अंथरूण बघितलं. आई जागी होती, पण पांघरुणातच होती. उजाडलं तरी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिला म्हटलं, आई, भिंतीवर जायचं नाही का, मावशी वाट बघत असेल.

ती बराच वेळ आढ्याकडे बघत पडून राहिली. पलीकडच्या खोलीत विलास झोपेत खोकला, तेव्हा तिने कान देऊन ऐकलं.

"आता कंच्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली.